आईवर खुनाचं कलम

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : मी देवगड तालुक्यातल्या एका गावाचा पोलीस पाटील होतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे व्हाळाच्या काठी नवजात मूल मेलेलं सापडलं. पोलिसांना खबर मीच दिली. आईचा शोध लागला, खुनाचं कलम लागलं, आणि शेवटी कोर्टात शिक्षा झाली ती किरकोळ. गावात अजून दोन तट आहेत. एकांचं म्हणणं, कायद्याने डोळे मिटले. दुसऱ्यांचं म्हणणं, बरं झालं. परवा कॉलेजात जाणारा नातू म्हणाला, इंग्लंडात अशा आईसाठी वेगळा सौम्य कायदा आहे. मग इंग्रजांनी तो आपल्याला का दिला नाही? आणि पूर्वी अशा बायकांचं काय व्हायचं?
– एक निवृत्त पोलीस पाटील, देवगड

उत्तर : पाटील, नातवाचं बरोबर आहे, फक्त साल बघा. आपली दंडसंहिता १८६० ची. इंग्लंडचा तो सौम्य कायदा १९२२ चा. साहेबाने आपल्याला संहिता दिली तेव्हा त्याच्याच घरी तो नव्हता. १९२२ नंतर पंचवीस वर्षं तो इथे राज्य करत होता, तरी तो बदल इकडे आला नाही. आणि २०२३ मध्ये आपण आपल्या हाताने भारतीय न्याय संहिता लिहिली, ती १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यातही तो नाही. तेव्हा सगळं खापर साहेबावर फोडता येत नाही.

आधी तुमच्या गावच्या खटल्याचं बोलू. शिक्षा किरकोळ का झाली? कायद्याने डोळे मिटले म्हणून नव्हे. खून सिद्ध करायचा तर मूल जिवंत जन्मलं होतं हे आधी सिद्ध करावं लागतं. मेलेल्याचा खून होत नाही. जुन्या २९९ कलमात स्पष्टीकरण होतं, नव्या १०० मध्येही आहे: पोटातल्या गर्भाचा मृत्यू हा मनुष्यवध नाही, पण मुलाचं अंग थोडं जरी बाहेर आलं असेल आणि ते जिवंत असेल, मग श्वास घेतलेला असो नसो, तर त्याला मारणं हा मनुष्यवध होऊ शकतो. आता एकटी बाई, रात्रीची वेळ, दार लावलेलं. जिवंत होतं की नव्हतं हे पाहिलं कोणी?

माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या काळातला एक खटला सांगते. गाव सांगत नाही. मुलगी भातलावणीला मजुरीवर जाणारी, वडील नाहीत, आईला धड दिसत नाही. फी देणारं कोणी नव्हतं म्हणून कोर्टाने मला तिच्यातर्फे नेमलं. पोलिसांनी हिशोब चोख मांडला होता: गणपतीत चाकरमानी आले, मुलगी मृगात बाळंत झाली. चाकरमानी गौरीविसर्जनानंतर परत गेला आणि खटल्यातूनही गेला. साक्षीदारांच्या यादीतसुद्धा त्याचं नाव नव्हतं. मूल सापडलं कलमांच्या बागेच्या गडग्याखाली, चिऱ्यांच्या आड, चौथ्या दिवशी. पाऊस लागलेला. कुत्री भुंकायला लागली म्हणून राखणदार बघायला गेला.

सरकार पक्षाचा सगळा डोलारा फुप्फुसांवर उभा होता. पद्धत जुनी आहे, सतराव्या शतकापासून युरोपात चालत आलेली. मुलाची फुप्फुसं पाण्यात टाकायची. तरंगली तर श्वास घेतला होता, बुडाली तर नव्हता. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अहवालात लिहिलं, तरंगली. उलटतपासणीला मी उभी राहिले.

"प्रेत तुमच्याकडे कितव्या दिवशी आलं?"

"चौथ्या."

"कुजायला लागलं होतं?"

"हो."

"कुजताना फुप्फुसात वायू धरतो?"

"धरतो."

"मग तरंगली ती श्वासाने की वायूने, हे शपथेवर सांगता येईल?"

डॉक्टर प्रामाणिक होते. नाही म्हणाले. यात माझी हुशारी काही नाही. लंडनच्या विल्यम हंटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाचा निबंध १७८४ मध्ये छापून आला होता, त्यात हेच सगळं आहे: ही चाचणी बेभरवशाची आहे, तिच्या जोरावर बाईला फासावर चढवू नका. दोनशे वर्षं जुना मुद्दा मी तालुक्याच्या कोर्टात परत मांडला, इतकंच.

पण खरा खटला फिरला तो दुसऱ्याच कागदावर. घरझडतीच्या पंचनाम्यात, पत्र्याच्या ट्रंकेतल्या वस्तूंच्या यादीत एक ओळ होती: 'जुन्या सुती लुगड्याचे फाडलेले चौकोनी तुकडे, नग चार, धुतलेले.' लिहिणाऱ्या हवालदाराला त्या चिंध्या वाटल्या असतील. कोकणातल्या कुठल्याही आजीला दाखवा, ती दुपटी म्हणून ओळखेल. मूल मारायचं ठरवलेली बाई दुपटी फाडून, धुऊन, घडी घालून ठेवील कशाला? न्यायाधीशांनी पंचनामा पुन्हा मागवून घेतला.

हा मुद्दासुद्धा माझा नव्हे. लंडनच्या कोर्टात अठराव्या शतकात तो वारंवार मांडला जायचा. त्याची पार्श्वभूमी अशी. इंग्लंडात १६२४ साली एक भयंकर कायदा झाला. अविवाहित बाईने मुलाचा मृत्यू लपवला, की तिनेच मारलं असं धरून चालायचं आणि फाशी द्यायची. सुटायचं तर मूल मेलेलंच जन्मलं हे तिने सिद्ध करायचं, तेही किमान एका साक्षीदाराकरवी. लपून बाळंत होणाऱ्या बाईने साक्षीदार आणायचा कुठून? लग्न झालेल्या बाईला हा नियम नव्हता. म्हणजे कायद्याचा डोळा मुलाच्या जिवापेक्षा आईच्या कुंकवावर जास्त होता, असं माझं मत. युरोपात इतरत्र याहून क्रूर होतं. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या १५३२ च्या संहितेत अशा बाईला जिवंत पुरण्याची नाहीतर बुडवून मारण्याची शिक्षा होती.

पण ज्युरीवर बसणारी माणसं गावातलीच. समोर अठरा-वीस वर्षांची मोलकरीण उभी, तिला फासावर चढवायला त्यांचा हात धजेना. मग पळवाटा निघाल्या. त्यातली एक ही: बाईने बाळाचे कपडे करून ठेवले होते असं दिसलं, की तिचा हेतू वाईट नव्हता असं मानायचं आणि सोडायचं. कायदा तसाच पुस्तकात, आणि एका टोपड्यावर बाई सुटते. अखेर १८०३ मध्ये तो १६२४ चा कायदा रद्द झाला. खुनासाठी इतर खटल्यांसारखाच पुरावा द्यायचा, आणि खून सिद्ध झाला नाही तर 'जन्म लपवला' एवढ्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद. तुमच्या गावच्या बाईला जे कलम लागलं असेल, जुनं ३१८, आताचं ९४, ते याच घराण्यातलं. शिक्षाही तीच, दोन वर्षांपर्यंत. माझ्या अशिलालाही तेच लागलं. खुनातून सुटली, ३१८ खाली दोषी ठरली, आणि तोवर तुरुंगात काढलेले महिने हीच शिक्षा धरून सोडली.

तिने मारलं होतं का, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. एकदाच, कोर्टाच्या पडवीत बसलेली असताना आपणहून म्हणाली, "माका कायच आठवत नाय ओ बाई. पाऊस होतो." त्यावर मी काही बोलले नाही.

आता १९२२ च्या कायद्याकडे. इंग्लंडात १८४९ नंतर स्वतःचं तान्हं मूल मारल्याबद्दल कुठल्याही आईला फाशी दिली गेली नाही. पण कायद्यात शिक्षा फाशीचीच होती. म्हणून व्हायचं असं, की न्यायाधीश काळी टोपी डोक्यावर ठेवून फाशी सुनवायचा, बाई कोर्टात कोसळायची, आणि कोर्टातल्या प्रत्येकाला, तिला सोडून, ठाऊक असायचं की गृहमंत्री ही शिक्षा बदलणार आहे. १९२१ मध्ये लेस्टरच्या कोर्टात एडिथ रॉबर्ट्स नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलीला अशी फाशी सुनावली. ज्युरीत सगळे पुरुष. लोक खवळले, आणि पुढच्याच वर्षी कायदा आला: बाळंतपणाच्या परिणामातून आई सावरलेली नसताना, मनाचा तोल ढळलेला असताना तिने नवजात मुलाला मारलं, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवधासारखा गुन्हा, शिक्षा न्यायाधीशाच्या हाती. मग १९२७ मध्ये एका कोर्टाने पस्तीस दिवसांचं मूल 'नवजात' नव्हे असा निवाडा दिला. म्हणून १९३८ च्या नव्या कायद्यात मर्यादा बारा महिन्यांपर्यंत नेली.

आपल्याकडे तो का आला नाही? माझा अंदाज सांगते, वाद घालायला हरकत नाही. हिंदुस्थानात बालहत्या म्हटलं की साहेबाच्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र उभं राहायचं: मुलगी झाली म्हणून मारणारी घराणी. १७८९ मध्ये जौनपूरकडे जोनाथन डंकन या अधिकाऱ्याला ते आढळलं. हाच डंकन पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि त्याच्याच काळात, १८०८ मध्ये, कर्नल वॉकरने काठेवाडातल्या जाडेजा सरदारांकडून मुली न मारण्याचे करार लिहून घेतले. १८७० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यात गुन्हेगार होतं अख्खं घराणं, आणि त्याला जरब बसवायची होती. त्या चित्रात गडग्याआड एकटी बाळंत झालेली बाई बसत नव्हती. ती सरळ खुनाच्या कलमात गेली.

आणि खुनाला शिक्षा दोनच: फाशी किंवा जन्मठेप, म्हणजे त्या काळी काळं पाणी. १९५५ पर्यंत तर फौजदारी प्रक्रियेचा दंडकच असा होता, की फाशी का दिली नाही याची कारणं न्यायाधीशाने लिहायची. फाशी देण्यासाठी खास कारणं लिहा, हे उलटं बंधन १९७३ च्या संहितेने घातलं.

मधल्या काळात काय व्हायचं याचा नमुना सुरतेचा आहे. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला तान्ह्या मुलाच्या खुनाबद्दल फाशी सुनावली गेली. वर दाद मागितल्यावर फाशीची जन्मठेप झाली, आणि पुढे ती घटून पाच वर्षं. बाई तीच, कृत्य तेच, कलम तेच. फाशीपासून पाच वर्षांपर्यंतचं अंतर कापलं ते वरच्यांच्या मर्जीने. पुण्याच्या एका पत्राने या निमित्ताने बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून त्यांना चांगलं फैलावर घेतलं. पोट वाढवणारा पुरुष त्या खटल्यात नव्हता. माझ्याही नव्हता. पाटील, तुमच्या गावच्या खटल्यात होता का?

कायद्याबाहेर मात्र काही माणसांनी खरं काम केलं. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेने गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. तिथेच काशीबाई नावाच्या विधवेला झालेलं मूल त्यांनी दत्तक घेतलं, तेच यशवंतराव. १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांनी असंच गृह सुरू केलं. पंढरपूर का, तर वारीच्या निमित्ताने विधवा तिथे येत आणि पोटुशी बाई गर्दीत खपून जाई. आपल्या कोकणात काय होतं? दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये देवरुखच्या गोदूबाई जोशी या विधवेशी लग्न केलं, तर गावाने त्यांना वाळीत टाकलं. हा माणूस पुढे भारतरत्न झाला. विधवेचं लग्न तोवर सदतीस वर्षं कायदेशीर होतं, १८५६ पासून. गावाला कायदा मान्य नव्हता. अशा गावात विधवेला दिवस गेले तर तिने जावं कुठे?

आता माझं मत, विचारलं नसलं तरी. खुनाच्या कलमाला पाच अपवाद आहेत. अचानक गंभीर चिथावणी मिळाली, स्वसंरक्षणाची हद्द ओलांडली, अचानक भांडण पेटलं वगैरे. शिमग्यात दारूच्या भरात दोघे भिडले आणि एकाने दुसऱ्याच्या डोक्यात दांडा घातला, तर त्याला अपवादाचा दरवाजा उघडा आहे, खुनाऐवजी सदोष मनुष्यवध. पहाटे एकटीने नाळ तोडलेल्या मुलीला मात्र पाचांपैकी एकही दरवाजा नाही. भारताच्याच संहितेवरून स्वतःची संहिता बेतलेल्या सिंगापूर आणि मलेशियाने बालहत्येचं वेगळं कलम घातलं आहे. आपल्याकडे मूळ प्रत तशीच.

मला सहावा अपवाद हवा आहे. पण १९३८ ची नक्कल नको. त्या कायद्यात माफी मिळवायला बाईला आधी मनाने आजारी ठरावं लागतं. अंगावर पाजण्याचाही मनावर परिणाम होतो, असंसुद्धा त्यात लिहिलेलं आहे. माझी अशील आजारी नव्हती. घाबरलेली होती, गरीब होती आणि एकटी होती. हे तीन शब्द कायद्यात लिहिणं अवघड आहे, मान्य. आणि दुसरी एक भीती खरी आहे: मुलगी नको म्हणून मारणारं सासर या अपवादाच्या आडून सुटेल. म्हणून तो फक्त आईपुरता, मदत न मिळालेल्या बाळंतपणापुरता आणि पहिल्या काही तासांपुरता असावा. सासू-सासरे, नवरा, सुईण, कुणालाही त्याचा फायदा मिळू नये.

तोवर भरवसा न्यायाधीशावर. छत्तीसगडमधल्या एका खेड्यात नवजात मूल तळ्यात मेलेलं सापडलं. गावात एकटी राहणारी एक बाई गरोदर होती म्हणून तिनेच मारलं असं ठरवून तिला जन्मठेप झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं. मूल तिचं होतं याचाच पुरावा नव्हता. १६२४ चा कायदा कधीच पुसला गेला. तसं बघायची सवय अजून आहे.

प्रश्न : माझी भावजय पहिलटकरीण. बाळंतपणानंतर आठवड्याभरात तिची झोप उडाली. रात्रभर फेऱ्या मारते, बाळ बदललंय म्हणते, मध्येच कुणाशी तरी बोलते. घरच्यांनी देवळात गुरवाकडून कौल लावला, बाधा आहे असं निघालं. मला भीती वाटते. उद्या तिच्या हातून बाळाचं काही झालं तर कायदा तिला वेडी म्हणून सोडेल का?
– एक बहीण, गुहागर

उत्तर : ताई, हे उत्तर छापून येईपर्यंत थांबणार नाही म्हणून तुम्हाला संपादकांकरवी फोन केला होता. इतरांसाठी इथे लिहिते.

कायद्याचं नंतर. हा आजार आहे आणि तातडीचा आहे. हजार बाळंतिणींत एखाद-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. औषधाने बरा होतो. तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायचं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रात्री-अपरात्री सल्ला हवा तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक. आणि तोवर बाळाला आणि तिला दोघांनाच एका खोलीत ठेवायचं नाही, एक क्षणही. तिला दटावायचं नाही, बांधून ठेवायचं नाही. दवाखान्यात ठेवावं लागलं तर बाळ तुटेल अशी भीती घालतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तीन वर्षांखालच्या मुलाला आईपासून शक्यतो वेगळं करू नये असंच लिहिलेलं आहे. डॉक्टरांना बाळाला धोका वाटला तर तात्पुरतं वेगळं करतात, तेही दवाखान्यातल्या किंवा घरच्या माणसांच्या देखरेखीखाली तिची भेट घडवत.

देवळात जायला माझी ना नाही. पण आधी दवाखाना.

आता कायदा. वेडाचं कलम आहे, जुनं ८४, नवं २२. इंग्लंडातल्या १८४३ च्या एका खटल्यातून ती कसोटी आली. आजार आहे एवढं पुरत नाही. कृत्य करताना आपण काय करतोय किंवा हे चूक आहे, बेकायदा आहे, हे कळण्याची कुवतच त्या माणसात नव्हती असं दाखवावं लागतं. ते दाखवायचं ओझं आरोपीवर. मात्र १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आरोपीने ते संशयातीत सिद्ध करायची गरज नाही. तसं असण्याची शक्यता जास्त आहे इथपर्यंत नेलं तरी पुरे. आणि सुटली तरी सरळ घरी सोडतात असं नाही, सुरक्षित ताब्यात किंवा रुग्णालयात ठेवता येतं.

या सगळ्यात उपयोगाला येतात ते कागद. कोणत्या तारखेला दाखवलं, डॉक्टरांनी काय लिहिलं, कोणतं औषध दिलं. देवाचा कौल कोर्टात पुरावा होत नाही, केसपेपर होतो. अशा खटल्यात घरातले सगळे छातीवर हात ठेवून सांगतात, 'आठ दिवस आधीपासून विचित्र वागत होती', आणि सरकारी वकील एकच विचारतो, 'मग डॉक्टरकडे का नेलं नाही?' त्यावर कुणाकडे उत्तर नसतं.

(भावजय आता औषधावर आहे, झोपते आहे, असं ताईंनी कळवलं. त्यांच्या परवानगीने लिहिलं.)

प्रश्न : मी आशा सेविका आहे, श्रीवर्धन तालुक्यात. माझ्या वाडीतली एक मुलगी, वय एकोणीस, लग्न झालेलं नाही, पाचवा महिना असावा. घरी माहीत नाही. मला सांगितलं आणि शपथ घातली. मी काय करू? मला भीती वाटते ती नवजात मूल मेलेलं सापडतं तसल्या गोष्टीची.
– एक आशाताई

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे, आणि तुमच्या हातात वेळ आहे, तो महत्त्वाचा. सोनोग्राफी करून नक्की आठवडे काढा, अंदाजावर जाऊ नका. गर्भपाताच्या कायद्यानुसार वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचं, आणि ते ठरावीक गटांतल्या बायकांसाठी. सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यात अविवाहित बाईलाही धरलं आहे. ती एकोणीसची आहे, म्हणजे संमती तिची एकटीची पुरते. आई-बापाची सही मागायचा कुणाला अधिकार नाही. डॉक्टरने तिचं नाव बाहेर फोडलं तर तो गुन्हा आहे. ती अठराच्या आत असती तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं आलं असतं. तिथेही त्याच निकालाने मुलीचं आणि पालकांचं म्हणणं असेल तर डॉक्टरला नाव न देता कळवायची मुभा दिली आहे. पण वयाचा कागद एकदा स्वतः डोळ्यांनी बघा.

तिला मूल व्हायला हवं असेल, किंवा आठवडे उलटून गेले असतील, तर बाळंतपण दवाखान्यातच. मूल ठेवायचं नसेल तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे ते सोपवता येतं, बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ३५. समिती समुपदेशन करते, फेरविचाराला दोन महिने देते, मग मूल दत्तकाला मोकळं होतं. यात गुन्हा काही नाही. तेच मूल कुणी देवळाच्या पायरीवर किंवा एसटी स्टँडवर ठेवून गेलं, तर न्याय संहितेचं कलम ९३ लागतं, सात वर्षांपर्यंत. नाइलाजाने सोडलं असेल तर बाल न्याय कायदा आई-बापाला थोडी सूट देतो, पण पोलीस आधी गुन्हा नोंदवतात आणि सूट नंतर कोर्टात मागावी लागते. समितीचा पत्ता मिळाला नाही तर १०९८ ला फोन करा, ते जोडून देतात.

शपथेचं म्हणाल तर ती घरच्यांना न सांगण्याची आहे, डॉक्टरला न सांगण्याची नव्हे. गावच्या उपकेंद्रात नेऊ नका, तिथे तिची मावशी नाहीतर आत्या कामाला असायची. तालुक्याला किंवा अलिबागला न्या, बाजाराच्या दिवशी, म्हणजे कुणी विचारणार नाही. आणि बसने जाताना तिच्या शेजारच्याच सीटवर बसा.